जोत्यापासून छपरापर्यंत : पुणे ते मेणवली

नाना फडणवीसांचा मेणवलीचा वाडा पाहायचा, परंतु थेट तिथे न जाता आधी पुण्यातील पेशवेकालीन वाड्यांचे जे काही उरले आहे ते नीट पाहून घ्यायचे आणि मग वाईची वाट धरायची, असा या प्रवासाचा बेत होता. मेणवलीचा वाडा जवळजवळ पूर्ण स्वरूपात उभा आहे, आणि पूर्ण उभी इमारत पाहताना तिच्या पोटातील रचना सहसा दिसत नाही. ती दिसायची असेल तर आधी जळालेला वाडा पाहावा, मग अर्धा वाचलेला, आणि शेवटी नांदता. हा क्रम मला योग्य वाटला आणि प्रवास संपेपर्यंत ते मत बदलण्याचे कारण पडले नाही.

पहिला दिवस : पुणे

सकाळी शनिवारवाड्याचे दार उघडताच आत गेलो. दिल्ली दरवाजाच्या दारांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले लोखंडी सुळे आणि दरवाजावरचा सागवानी नगारखाना यांच्यापाशी बहुतेक लोक रेंगाळतात. खरा वाडा मात्र आत, गवताच्या पातळीवर आहे. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये खर्च आला, अशी नोंद आहे. पुढे नानासाहेबांपासून सवाई माधवरावांपर्यंत प्रत्येकाने आपापली भर घातली आणि वाड्यावर मजले चढत गेले. त्याआधीही आगी लागल्या होत्याच, पण २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली आणि तट, बुरूज, दरवाजे व जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे, एवढेच मागे राहिले.

ही जोती वाचता आली तर शनिवारवाडा रिकामा वाटत नाही. घडीव काळ्या दगडाच्या चौथऱ्यांवर ठरावीक अंतराने चौकोनी दगड बसवलेले दिसतात, ते तळखडे. प्रत्येक तळखड्यावर एक लाकडी खांब उभा होता. लाकूड थेट जमिनीत पुरले तर ओल आणि वाळवी त्याला खाऊन टाकते, म्हणून खांबाचा पाय नेहमी दगडावर टेकवायचा, हा मराठी सुतारकामाचा पहिला नियम. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण, आणि घराचे मापच मुळी खणांत सांगितले जाई. त्यामुळे तळखडे मोजत गेले की कुठे सोपा (चौकाकडे उघडी असलेली पडवी) होता, कुठे दिवाणखाना, चौक किती मोठा होता, याचा अंदाज पायाखालीच मिळत जातो. हा सगळा भाग १९१९ साली संरक्षित स्मारक ठरल्यानंतर माती उपसून उघडा करण्यात आला; त्यापूर्वी कंपनी सरकारच्या आणि पुढच्या काळात या जागेचा तुरुंगापासून पोलिसांच्या वस्तीपर्यंत नाना प्रकारे उपयोग झाला होता.

सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी केले, ते याच आवारात आहे. कारंजे उडायचे तर पाणी उंचावरून आले पाहिजे. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात आणलेल्या भुयारी नळाने ती सोय केली होती. पुण्याच्या वाड्यांतील हौद आणि कारंजी ही त्या नळाची टोके होती, एवढे ध्यानात ठेवले तर वाडा आणि शहर यांचा संबंध अधिक स्पष्ट होतो.

आग एवढी का पसरावी, याचे उत्तरही जोत्यावर उभे राहिल्यावरच मिळते. जोत्याच्या वरचा सगळा भार लाकूड उचलत होते : खांब, तुळया, त्यांवरच्या आडव्या कड्या, तक्तपोशी (फळ्यांचे छत), जिने. विटांच्या भिंती या सांगाड्याच्या मधल्या जागा भरून काढण्यासाठी होत्या. एकदा सांगाड्याने पेट घेतला की भिंतींना धरून ठेवणारे काही उरत नाही आणि मजले एकमेकांवर कोसळतात.

तिथून चालत नानावाड्याकडे गेलो. शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर असलेला हा वाडा नानांनी १७८० च्या सुमारास बांधला. पेशव्यांचा कारभारी धन्याच्या इतक्या जवळ राहतो यात नवल नाही. बारभाईंच्या, म्हणजे नानांसह एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, कारभारानंतर सवाई माधवराव वयात येईपर्यंत राज्याची सूत्रे व्यवहारात इथूनच हलत होती. पेशवाईनंतर या वास्तूत शाळा आणि कचेऱ्या आल्या, दगडी नवे भाग जोडले गेले आणि मूळ वाडा त्यांच्या आड दडून राहिला. जतनाचे काम झाल्यावर दिवाणखान्यातील भिंतींवरची जुनी चित्रे रंगांच्या थरांखालून पुन्हा वर आली. खांबांच्या वरच्या टोकांना केळफुलांची कोरीव कामे आहेत. लाकडाच्या महिरपी बारीक नक्षीच्या असूनही जड वाटत नाहीत, याचे कारण खांब खाली रुंद आणि वर निमुळते होत जातात. सुरूच्या झाडासारखा हा आकार असल्याने त्याला सुरूचा खांब म्हणतात. उत्तरेकडील बागांच्या वास्तूंतून तो इकडे आला आणि पेशवाईच्या उत्तरार्धात इतका रुजला की सुरूच्या खांबांवाचून दिवाणखाना शोभेना.

दुपारनंतर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांनी हा १८०७ च्या सुमारास पुरा केला, खर्च दोन लाख रुपये. शनिवारवाड्याच्या पहिल्या खर्चाशी ही रक्कम ताडून पाहण्याचा मोह होतो; मात्र मधली पंचाहत्तर वर्षे आणि बदललेले भाव लक्षात घेतल्याशिवाय त्यातून निष्कर्ष काढू नये. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. १८०३ च्या सुमाराचा काळ म्हणजे वसईच्या तहाचा, होळकरांच्या स्वारीतून पुणे नुकते सावरत असतानाचा. आणि त्याच वर्षांत बाजीराव एकामागून एक वाडे उभारत होते. शनिवारवाड्यात त्यांचे मन रमत नव्हते, असे म्हणतात. नारायणरावांचा १७७३ मधला खून त्या वास्तूत झालेला असल्याने, आणि त्या खुनाचा ठपका त्यांच्याच वडिलांवर असल्याने, हे समजण्यासारखे आहे.

विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पुण्यातील लाकूडकामाचा उत्तम नमुना आहे. रस्त्यावरच्या रहदारीत उभे राहून तो पाहणे अवघड असले तरी समोरच्या बाजूला जाऊन थोडा वेळ द्यावा. सज्ज्याखालचे हस्त (भार पेलणारे कोरीव लाकडी आधार), महिरपींची रांग आणि त्यामागचा दिवाणखाना यांत कुठेही दगडाचा आव आणलेला नाही. लाकूड लाकडासारखेच वापरले आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२१ मध्ये पेशव्यांच्या दक्षिणा-निधीच्या पैशातून इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे डेक्कन कॉलेज झाले ते याच संस्थेचे. मे १८७९ मध्ये बुधवारवाड्याबरोबर इथेही आग लागली. बुधवारवाडा नाहीसा झाला, विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला आणि तो नंतर पुन्हा बांधून काढला. त्यानंतर कित्येक वर्षे पुणे नगरपालिकेचा कारभार इथून चाले. वाड्याचे खांब आणि फायलींची कपाटे यांचा एकत्र संसार कोणालाच शोभणारा नव्हता, परंतु कचेरी होती म्हणून छपराची कौले वेळच्या वेळी चाळली गेली आणि पावसाळे निभावले. लाकडी वाड्याला आगीनंतरचा मोठा शत्रू पाणीच. एक फुटके कौल दोन पावसाळ्यांत तुळईचे टोक कुजवू शकते.

दुसरा दिवस : वाई आणि मेणवली

पहाटे सातारा रस्त्याने निघालो. शिरवळ, खंबाटकीचा घाट, सुरूरचा फाटा आणि मग वाई. रस्त्याविषयी लिहिण्यासारखे विशेष काही नाही.

वाईत ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि देवळाच्या मागच्या बाजूला गेलो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची नदीच्या प्रवाहाकडची भिंत माशासारखी टोकदार केली आहे, म्हणजे पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोन बाजूंना फाटते आणि गाभाऱ्याला धक्का बसत नाही. मेणवलीचा घाट समजून घेण्यासाठी ही भिंत पाहून ठेवणे उपयोगी पडले. रास्ते घराणे पेशव्यांचे सोयरे : नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या. वाईच्या परिसरात पेशवाईतील बड्या कारभाऱ्यांचा आणि सावकारांचा पैसा घाट, देवळे आणि वाडे यांत कसा ओतला गेला, हे गावातून चालतानाच कळते.

मेणवली वाईपासून तीन किलोमीटरवर, कृष्णेच्या डाव्या तीरावर आहे. नानांचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याचा, घराणे मूळचे कोकणातील वेळासचे. पानिपतावरून जे थोडे परत आले त्यांत हा एकोणीस वर्षांचा तरुण होता. त्याची आई मात्र परत आली नाही. १७६८ मध्ये औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांना इनाम दिले. नानांनी तिथे वस्ती वसवली, घाट बांधला, दोन देवळे उभारली आणि वाडा बांधला. छत्रपतींची राजधानी सातारा जवळ, वाईसारखे विद्येचे आणि व्यापाराचे गाव पलीकडे, आणि पुण्यापासून इतके दूर की एखादा दिवस शांततेत जावा : जागेची निवड हिशेबी माणसाची आहे.

बाहेरून वाडा जवळजवळ किल्ल्यासारखा भासतो. उंच, जाड भिंती, त्यांत बाहेरच्या बाजूस फारशा खिडक्या नाहीत, आणि दरवाजाला दिंडी, म्हणजे मोठ्या दारातच बसवलेले लहान दार. मोठे दार उघडायचे ते पालखी, घोडा किंवा समारंभ यांच्यासाठी. रोजची ये-जा दिंडीतून वाकून व्हायची. दार आतून लावण्यासाठी भिंतीच्या जाडीत सरकणारा अडसर असतो. आत शिरल्यावर मात्र हा कडकपणा एकदम सुटतो, कारण सगळे घर आतल्या चौकांकडे तोंड करून बसलेले आहे.

वाड्याला सहा चौक आहेत. ही संख्या ऐकायला नुसती भपक्याची वाटते, पण चौकांचा क्रम पाहिला की वाड्याचे सगळे गणित उलगडते. पुढच्या बाजूला बाहेरच्या माणसांचा व्यवहार : कारकून, जासूद, भेटीला आलेले लोक. जसजसे आत जावे तसतसा माणसांचा प्रवेश कमी होत जातो आणि सर्वांत आत घरच्या बायकांचा वावर, स्वयंपाक, देवघर, कोठी. चौसोपी वाड्यात एकाच चौकाभोवती चार बाजूंनी सोपे असतात आणि हे सगळे तिथेच एकमेकांत मिसळते. इथे प्रत्येक कामाला आपला चौक मिळाला. एका चौकातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटा मुद्दाम अरुंद आहेत. कोण कुठवर आला, हे आतल्या माणसाला न विचारता कळावे, अशी ही योजना आहे.

चौकाचे दुसरे काम हवेचे आणि उजेडाचे. बाहेरच्या भिंती बंद असल्याने सगळा प्रकाश चौकातून सोप्यात आणि तिथून माजघरात येतो, आणि वाटेत मऊ होत जातो. दुपारी चौकातील हवा तापून वर जाते तेव्हा आतल्या थंड खोल्यांतून वारा ओढला जातो. वैशाखात बाहेर ऊन रणरणत असताना माजघरात गारवा असतो, त्यामागे हे चलन आणि दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती ही दोन कारणे आहेत. त्या भिंतींची जाडीही वाया घालवलेली नाही : तिच्यात फडताळे, कोनाडे, दिव्यांच्या देवळ्या आणि एकावेळी एकच माणूस चढू शकेल असे चिंचोळे जिने सामावलेले असतात. असा जिना चढताना वर उभ्या असलेल्या माणसाला खालून येणाऱ्याचे डोके आधी दिसते, पागोटे कोणाचे आहे ते कळते, आणि नको असलेल्या पाहुण्याला तिथेच थोपवता येते.

वरच्या मजल्यावरील चित्रे हा मेणवलीचा सर्वांत नाजूक भाग. गिलाव्यावर रंगवलेली देवदेवतांची आणि अवतारांची ही चित्रे काही ठिकाणी अजून ताजी आहेत, काही ठिकाणी ओलीने पोपडे धरले आहेत. बायकांची नऊवारी नेसण्याची ढब, पुरुषांची पागोटी, पुराणातल्या माणसांनाही घातलेले पेशवाई दागिने, यांवरून चित्रकाराने नमुने कुठून घेतले ते कळते. वाईच्या परिसरात रास्त्यांच्या मोतीबागेतही अशी चित्रे आहेत. नानावाड्यातील चित्रे रंगाखाली गाडली गेली म्हणून वाचली, इथली मात्र उघडीच राहिली आणि तरी टिकली. फरक मला असा दिसला की पुण्यात प्रत्येक नव्या वापरदाराने भिंतीला नवा रंग दिला, आणि मेणवलीत रंग बदलण्याची कोणाला निकडच भासली नाही.

वाडा आजही नानांच्या वंशजांच्या मालकीचा आहे आणि परवानगीने पाहता येतो. देखरेख करणाऱ्या काकांनी आम्हाला एका तुळईकडे हात करून सांगितले, "हिला दर वर्षी पावसाच्या आधी एकदा ठोकून पाहतो. आवाज भरीव आला की वर्षभर चिंता नाही." हिंदी-मराठी चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे वाडा आणि घाट अनेकांना तोंडओळखीचे झाले आहेत, आणि येणारे बरेच जण अमुक दृश्य कुठले, एवढेच विचारतात. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे नानांच्या दफ्तराचा, म्हणजे इथे साठलेल्या त्यांच्या कागदपत्रांचा, प्रश्न मागे पडतो.

नाना फडणीस होते, म्हणजे राज्याचा जमाखर्च त्यांच्या हाताखालून जात असे, आणि त्यांना कागद टाकून देण्याची सवय नव्हती. हिशेब, बातमीदारांची पत्रे, दरबारांशी झालेला पत्रव्यवहार अशा मोडी कागदांचा मोठा संग्रह मेणवलीत साठला आणि मेणवली दफ्तर या नावाने इतिहासकारांना परिचित झाला. साताऱ्याचे इतिहास संशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी ते कागद मिळवले आणि त्यांतले पुष्कळ प्रसिद्धीस आणले. कालच्या शनिवारवाड्याचा विचार इथे पुन्हा मनात आला. तिथली दालने आज हिशेबाच्या आणि वर्णनाच्या कागदांतूनच कळतात, कारण इमारत उरलेली नाही. मेणवलीत इमारत आहे आणि तिच्या मालकाचे कागदही आहेत. महाराष्ट्रात अशी जोडी फार थोड्या वास्तूंच्या वाट्याला आली.

तिसरा दिवस : घाट, घंटा आणि जिऊबाई

मुक्काम वाईत होता. सकाळी पुन्हा मेणवलीला गेलो आणि या वेळी वाड्याच्या मागून नदीकडे उतरलो. वाड्याचे मागचे दार घाटाकडे निघते, त्यामुळे घरच्या माणसांना गावातून न जाता स्नानाला आणि देवदर्शनाला जाता येई. घाट चंद्रकोरीसारखा वळलेला आहे. पायऱ्यांची ही वक्ररेषा डोळ्यांना सुंदर दिसतेच, शिवाय पाण्याची पातळी कितीही असली तरी कुठे ना कुठे पायरी पाण्याला लागते. वरच्या अंगाला धोमचे धरण झाल्यापासून नदीची पातळी पावसाइतकीच धरणाच्या दारांवरही अवलंबून असते, तेव्हा घाटाचे नानांच्या वेळचे रूप डोळ्यांसमोर आणायचे तर थोडी कल्पना लढवावी लागते.

घाटावर मेणवलेश्वराचे आणि विष्णूचे अशी दोन देवळे आहेत. पुण्यातले राजकारण पाहणाऱ्या या माणसाने देवळांवर खर्च करताना हात आखडला नाही; भीमाशंकरच्या देवळाचे शिखरही त्यांचेच. मेणवलेश्वराजवळच्या छोट्या घुमटीत टांगलेल्या प्रचंड घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत. कोणी त्या आकृती खरवडून काढल्या नाहीत, हे मला विशेष वाटते. लुटीची वस्तू देवाला वाहिली, ती वाजू लागली, आणि तिच्यावर कोणाचे चित्र आहे याची कोणी फिकीर केली नाही.

घाटाच्या वरच्या पायरीवर बसून वाड्याची मागची भिंत पाहताना नानांच्या पत्नी जिऊबाईंची हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. सवाई माधवराव १७९५ मध्ये गेल्यावर गादीचा जो गोंधळ झाला त्यात नानांना पुणे सोडावे लागले. १७९६ मध्ये ते सातारा, वाई असे करत पुढे महाडकडे गेले. परत कारभारात आले, कैदेतही पडले, आणि १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले. पोटी मुलगा नव्हता. मागे राहिलेल्या जिऊबाई त्या वेळी अगदी लहान होत्या, आणि नानांची संपत्ती व माणसे यांच्यावर दुसऱ्या बाजीरावांचा डोळा होता. नानांच्या विश्वासातील किल्लेदाराने लोहगड धरून ठेवला होता, तिथे त्यांना आसरा मिळाला. लोहगडावरची सोळाकोनी बाव (विहीर) नानांनीच बांधलेली. पुढे इंग्रजांच्या जनरल वेलस्लीने मध्यस्थी करून त्यांच्या जीविताची हमी आणि सालीना १२,००० रुपयांची नेमणूक ठरवून दिली. त्या पनवेलला राहिल्या आणि पेशवाई बुडाल्यानंतर मेणवलीला आल्या. दत्तक घेऊन त्यांनी घराणे पुढे चालवले आणि १८५४ पर्यंत हयात होत्या.

म्हणजे वाड्याने नानांना जेवढी वर्षे पाहिले, त्याहून अधिक वर्षे जिऊबाईंना पाहिले, आणि तेही सलग. नाना इथे आले ते कामातून सवड मिळेल तसे. त्यांचा खरा मुक्काम पुण्यातच. शनिवारवाडा जळाला, बुधवारवाडा अजून उभा होता, विश्रामबागवाड्यात पाठशाळा भरत होती, त्या सगळ्या काळात मेणवलीत मात्र एक विधवा बाई स्वतःचे घर चालवत होती : कौले चाळून घेत होती, जमीन सारवून घेत होती, दफ्तराच्या खोलीचे दार बंद ठेवत होती. या शेवटच्या ओळीतील तपशील माझ्या तर्काचा आहे. परंतु असे काही घडल्यावाचून लाकूड, माती आणि कागद पन्नास पावसाळे काढत नाहीत. वाड्याला नाव नानांचे आहे, ते योग्यच. तिथे जिऊबाईंचेही नाव ठळकपणे सांगितले जावे, असे मात्र मनापासून वाटते.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी पावसाळा टाळावा, चित्रांच्या खोल्या सकाळच्या उजेडात पाहाव्यात आणि भिंतींना हात लावू नये. पुण्यासाठी वेळ कमी असेल तर नानावाडा आणि विश्रामबागवाडा यांतील एक गाळला तरी चालेल. शनिवारवाड्याची जोती मात्र गाळू नयेत. मेणवलीत सोप्यावर उभे राहून एखाद्या खांबाच्या पायाशी नजर टाकली की तोच चौकोनी तळखडा दिसतो, आणि इथे त्याच्यावर खांब आहे, खांबावर हस्त आहे, हस्तावर तुळई आहे आणि तुळईवर छप्पर आहे.